आधी वय सांगा

हाडाच्या गाठीचा एक्स-रे समोर आला की अनुभवी अस्थिरोगतज्ज्ञ फिल्म उजेडाला धरण्याआधी विचारतात, "पेशंटचं वय किती?" नाव नंतर, गाव नंतर, दुखतं का हेही नंतर. फिल्मवर दिसणारा एकच पांढुरका डाग बारा वर्षांच्या मुलीच्या हाडात असेल तर त्याचा अर्थ वेगळा आणि साठीच्या गृहस्थाच्या हाडात असेल तर वेगळा. 'हा आजार कुणाला होतो' हा प्रश्न एरवी आकडेवारीच्या तक्त्यात, प्रकरणाच्या शेवटी येतो. कूर्चेच्या साध्या गाठींच्या बाबतीत तो सुरुवातीलाच यायला हवा, कारण इथे 'कुणाला' हे कळलं की 'काय झालंय' याचं निम्मं उत्तर हाती येतं.

साधी गाठ म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ. पण आपल्या घरांत 'गाठ' हा शब्दच असा आहे की तो कानावर पडताच आईचा हात कपाळाला जातो. त्यातून तालुक्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचं नाव लिहिलं, तर घरात चूल पेटत नाही. हे रुग्णालय 1941 साली सुरू झालं आणि तेव्हापासून खेड्यापाड्यांत 'टाटाला नेलंय' या दोन शब्दांचा एकच अर्थ रूढ झाला. खरं तर हाडाच्या गाठी ओळखण्याचा सराव असलेली माणसं अशा मोजक्याच ठिकाणी एकत्र भेटतात, म्हणून चिठ्ठी तिकडची असते. तिथल्या बाकावर बसलेल्या प्रत्येक मुलाला कॅन्सर नसतो. गुडघ्याजवळ टणक उंचवटा घेऊन आलेली कितीतरी मुलं 'काही करायचं नाही, वर्षाने दाखवायला या' एवढं ऐकून घरी परततात.

ही मुलंच का, हे समजायचं तर कूर्चेकडे वळावं लागेल. नाकाचा शेंडा दाबून पाहा किंवा कानाचा वरचा भाग दुमडून पाहा, बोटांना जे लवचीक पण घट्ट लागतं ती कूर्चा. मटणातलं जे मऊ हाड दाताखाली कुरकुरतं, तीही कूर्चाच. आईच्या पोटात आपला सांगाडा आधी बराचसा कूर्चेचाच घडतो आणि मग हळूहळू त्या साच्याच्या जागी हाड येत जातं. जन्मानंतर लांब हाडांच्या टोकांपाशी कूर्चेची एक पातळ चकती शिल्लक राहते. डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात, आपण वाढपट्टी म्हणू. या पट्टीतल्या पेशी ओळीने रचलेल्या असतात. त्या दुणावतात, फुगतात, मरतात, आणि त्यांच्या जागी हाड तयार होतं. मूल उंच होतं ते या पट्ट्यांच्या जोरावर.

सगळ्या पट्ट्या सारखं काम करत नाहीत, आणि मला या विषयातली सगळ्यांत बोलकी गोष्ट हीच वाटते. मांडीच्या हाडाच्या लांबीतली सुमारे 70 टक्के वाढ गुडघ्याकडच्या टोकाला होते, खुब्याकडे फक्त 30 टक्के. दंडाच्या हाडात उलट आहे: सुमारे 80 टक्के वाढ खांद्याजवळ आणि कोपराकडे जेमतेम पाचवा हिस्सा. नडगीचं हाडही गुडघ्याच्याच बाजूने जास्त वाढतं. आता कूर्चेच्या सर्वांत सामान्य गाठीचा, म्हणजे ऑस्टिओकाँड्रोमाचा, नकाशा पाहा. मांडीच्या हाडाचं खालचं टोक, नडगीचं वरचं टोक, दंडाचं वरचं टोक. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले तर जवळजवळ जुळतात. जिथे बांधकाम जोरात चालू, तिथेच एखादी वीट बाजूला पडण्याची शक्यता जास्त.

ऑस्टिओकाँड्रोमा म्हणजे अक्षरशः बाजूला पडलेली वीट. वाढपट्टीचा एक लहानसा तुकडा कडेने सटकतो आणि हाडाच्या बाहेरच्या अंगाला स्वतंत्रपणे हाड घडवायला लागतो. हाडातून एक खुंट बाहेर येतो आणि त्याच्या डोक्यावर कूर्चेची टोपी असते. हा खुंट बहुधा सांध्यापासून दूर, हाडाच्या मधल्या भागाकडे झुकलेला असतो. प्राण्यांमध्ये वाढपट्टीचा तुकडा मुद्दाम हाडाच्या कडेला बसवून संशोधकांनी 1968 मध्ये असाच खुंट उगवून दाखवला होता. मूल वाढतं तसा खुंट वाढतो, मूल वाढायचं थांबलं की तोही थांबतो. मुलींच्या गुडघ्याभोवतीच्या पट्ट्या साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांच्या सोळाव्याच्या आसपास मिटतात. म्हणून ही गाठ सापडते ती बहुतेक विशीच्या आत. तिची मुळं वाढीत असतात, झिजेत नाही.

शल्यक्रियेसाठी किंवा तपासणीसाठी येणाऱ्या हाडांच्या साध्या गाठींत सुमारे एक तृतीयांश गाठी ऑस्टिओकाँड्रोमाच्या असतात. मुलींपेक्षा मुलगे जास्त, दीडपट ते दुप्पट. पण या आकड्यांकडे जपून पाहावं. ज्याची गाठ दुखते, दिसते किंवा कबड्डी खेळताना लागते, तोच दवाखान्यात येतो. कितीतरी लोक मांडीच्या आत असा खुंट घेऊन म्हातारे होतात आणि भलत्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये तो सापडतो. मुलग्यांच्या जास्तीच्या आकड्यात हाफपँट घालून मैदानात पडण्याचाही थोडा वाटा असावा, असा माझा अंदाज आहे. सगळाच वाटा मात्र नाही. कारण हाच आजार घराण्यात चालत येतो तेव्हाही मुलग्यांना त्याचा त्रास अधिक झाल्याचं दिसतं.

घराण्याची ही बाजू जरा सविस्तर सांगायला हवी, कारण इथे माणसं आजारापेक्षा बोलण्याने अधिक जखमी होतात. फ्रेंच शल्यविशारद ब्वाये यांनी 1814 मध्ये अंगभर असे हाडाचे खुंट असलेल्या एका कुटुंबाची नोंद केली. आज या आजाराला मल्टिपल हेरेडिटरी एक्सॉस्टोसिस म्हणतात. अशा मुलाच्या अंगावर एक नाही, दहा-वीस किंवा त्याहून अधिक खुंट असू शकतात: गुडघे, खांदे, मनगटं, बरगड्या, खांद्याची पाती. बरेचदा तीन-चार वर्षांच्या वयातच आईच्या हाताला अंघोळ घालताना ते लागतात आणि बाराव्या वर्षापर्यंत निदान जवळजवळ नक्की होतं. पुढच्या हाताच्या दोन हाडांपैकी एक आखूड राहून मनगट वाकतं, गुडघे आत वळतात, उंची भावंडांपेक्षा कमी राहते.

कारण 1995 आणि 1996 मध्ये सापडलं. आठव्या गुणसूत्रावरचं ईएक्सटी-1 आणि अकराव्या गुणसूत्रावरचं ईएक्सटी-2, या दोन जनुकांपैकी एकात बिघाड असतो. ही जनुकं पेशींभोवती हेपरान सल्फेट नावाच्या साखरेच्या साखळ्या विणायचं काम करतात. या साखळ्यांचं काम शेताच्या बांधासारखं आहे. 'वाढा' हा रासायनिक निरोप जिथे हवा तिथेच थांबवायचा, पलीकडे वाहू द्यायचा नाही. बांध फुटला की पाणी नको तिथे जातं आणि नको तिथे रोप उगवतं.

आई किंवा वडील, कुणाही एकाकडून बिघडलेलं जनुक आलं तरी आजार होतो. बाधित व्यक्तीच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. दर दहा बाधितांपैकी साधारण एकाच्या घरात आधी कुणालाच हा आजार नसतो. त्याच्यात तो नव्यानेच उगवलेला असतो. आपल्याकडे असं मूल जन्मलं की पहिलं बोट सुनेकडे वळतं. ग्रहण पाळलं नाही, चिरलं, शिवलं, म्हणून बाळाची हाडं अशी झाली. मामेबहिणीशी लग्न केलं म्हणून झालं, असंही कुणी शिकलेला माणूस सांगतो. दोन्ही चूक आहे. ग्रहणाचा हाडांशी काही संबंध नाही. नात्यातल्या लग्नाने ज्या आजारांचा धोका वाढतो, त्यांत आईवडील दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. इथे एकच प्रत पुरते. दूध कमी पडलं, कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या नाहीत, लहानपणी पाळण्यातून पडलं, यांतलं काहीही या खुंटाचं कारण नाही. मार लागल्यावर गाठ हाताला लागते, इतकंच. ती आधीपासून तिथेच असते.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात केलेल्या पाहणीवरून हा आजार निदान 50,000 लोकांत एकाला असतो, असा अंदाज निघाला. हेच प्रमाण धरलं तर 2011 च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या सव्वाअकरा कोटींच्या लोकसंख्येत अशी सव्वादोन हजार माणसं भरतील. पण हा आजार सगळीकडे सारखा वाटलेला नाही. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावरच्या चामोरो लोकांत तो हजारात एकाला आढळला. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, पॉइंगॅसी या दुर्गम वस्तीतल्या ओजिब्वे समाजात तर शंभरात एकाहून अधिक लोकांना. बेट असो वा जंगलातली वस्ती, मूळची माणसं मोजकी आणि बाहेरची येजा कमी. पूर्वी कधीतरी एखाद्या पूर्वजात हा बिघाड आला आणि पिढ्यांमागून पिढ्या तो त्याच वस्तीत फिरत राहिला. रक्त 'खराब' असल्याचा तो पुरावा नाही, फक्त माणसं थोडी असल्याचा आहे.

आता दुसरी गाठ, हाडाच्या बाहेर नाही तर आत वाढणारी: एन्काँड्रोमा. वाढपट्टीतली काही कूर्चा हाड बनायचं विसरते आणि हाडाच्या पोकळीत तशीच राहून जाते. तिची आवडती जागा म्हणजे हाताच्या बोटांची लहान हाडं. हाताच्या हाडांत सर्वांत जास्त सापडणारी गाठ हीच. पेशंट मात्र बहुधा लहान मूल नसतं, विशी ते चाळिशीतली बाई किंवा पुरुष असतो, आणि दोघांचं प्रमाण जवळजवळ सारखं. रविवारी मैदानावर साधा झेल घेताना करंगळी मोडते. एवढ्याशा चेंडूने हाड कसं मोडलं म्हणून एक्स-रे काढतात, तर हाड आतून पोकळ, कवच अंड्याच्या टरफलासारखं पातळ. गाठ तिथे लहानपणापासूनच असते, सापडते मोठेपणी. वय विचारताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो: गाठीचं वय आणि ती सापडण्याचं वय एक नसतं.

मांडीच्या आणि दंडाच्या हाडातल्या एन्काँड्रोमाची गोष्ट अलीकडे फार ऐकू येते, आणि त्याला कारण एमआरआय. गुडघा दुखतो म्हणून काढलेल्या शंभर एमआरआयमध्ये दोन-तीन जणांच्या हाडात अशी कूर्चेची गाठ दिसते. गुडघा दुखत असतो गादी फाटल्यामुळे किंवा झिजेमुळे. गाठ तिथे गपचूप बसलेली असते. पण रिपोर्टात 'ट्यूमर' हा शब्द छापलेला असतो आणि पन्नाशीच्या बाईची झोप उडते. इथे डॉक्टरांना दोन मिनिटं खर्चून नीट समजावून सांगावं लागतं. ज्यांना तेवढा वेळ मिळत नाही, त्यांच्या पेशंटचे पुढचे सहा महिने दवाखान्यांच्या दारांत जातात.

एन्काँड्रोमा एकाच अंगात अनेक असले तर मात्र चित्र बदलतं. फ्रान्समधल्या ल्याँ शहरातले शल्यविशारद ऑलिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचं वर्णन केलं. त्याआधी 1881 मध्ये इटलीच्या माफुची यांनी अशा गाठींबरोबरच त्वचेवर निळसर रक्तवाहिन्यांच्या गाठी असलेला रुग्ण नोंदवला होता. ऑलिएचा आजार बहुतेकदा शरीराच्या एका बाजूला जास्त असतो, आणि एक पाय आखूड राहणं किंवा एका हाताची बोटं लाडवासारखी फुगणं वयाच्या दहा वर्षांच्या आतच दिसायला लागतं. हा आजार आईवडिलांकडून येत नाही. गर्भाच्या वाढीत एखाद्या पेशीत आयडीएच नावाच्या जनुकात चूक होते आणि त्या एका पेशीपासून झालेल्या भागातच ती उतरते, हे 2011 मध्ये कळलं. म्हणून अंग अर्धं बाधित, अर्धं निरोगी. अशा मुलीच्या लग्नाच्या वेळी 'पुढच्या पिढीत येईल का' हा प्रश्न हमखास निघतो. त्याचं उत्तर आहे: नाही, हा आजार वारशाने जाणारा नाही. तिची खरी काळजी वेगळी. या दोन आजारांत गाठ पुढे कॅन्सरची होण्याचा धोका मोठा असतो, ऑलिएमध्ये चारांत एक किंवा त्याहून अधिक असे अंदाज आहेत आणि माफुचीमध्ये आणखी जास्त. एकट्यादुकट्या ऑस्टिओकाँड्रोमात हाच धोका शंभरात जेमतेम एक. त्यामुळे ऑलिएच्या पेशंटने आयुष्यभर तपासणीला जात राहावं.

तिसरी गाठ दुर्मिळ, पण आपल्या देशात तिचं निदान चुकण्याचं एक खास कारण आहे. काँड्रोब्लास्टोमा हाडाच्या अगदी टोकाला, वाढपट्टीच्या पलीकडे, सांध्याला लागून होतो. वय दहा ते वीस-पंचवीस, मुलगे मुलींच्या जवळपास दुप्पट. गुडघा किंवा खांदा महिनोन्‌महिने दुखतो, सुजतो, आखडतो, रात्री मूल कण्हतं. एक्स-रेमध्ये हाडाच्या टोकाला गोल खड्डा दिसतो. क्षयरोग घरोघरी माहीत असलेल्या देशात अशा दुखऱ्या, सुजल्या सांध्याला पहिल्यांदा काय म्हणतील? हाडाचा टीबी. म्हणून औषधं सुरू करण्याआधी त्या खड्ड्यातला तुकडा काढून तपासणं महत्त्वाचं. टीबीची औषधं महिनोन्‌महिने खाऊनही ही गाठ जात नाही. ती खरवडून काढावी लागते आणि पोकळीत हाडाचा चुरा भरावा लागतो.

खांद्यातल्या या गाठीचं वर्णन बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी 1931 मध्ये केलं. तिला आजही त्यांचं नाव लावतात. या माणसाबद्दल मला फार आदर आहे. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक पेशंटचं पुढे काय झालं हे रुग्णालयांनी नोंदवावं आणि जाहीर करावं, असा आग्रह त्यांनी धरला आणि त्यापायी सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. हाडांच्या गाठींची नोंदवही त्यांनीच उभी केली. निरनिराळ्या गावांतल्या डॉक्टरांकडे आयुष्यात दोन-तीनच अशा गाठी यायच्या. फिल्म, काचपट्टी आणि पेशंटची हकिकत एका ठिकाणी जमली तेव्हाच कोणती गाठ कोणत्या वयाला होते हे दिसायला लागलं. आज आपण 'दहा ते वीस, मुलगे अधिक' असं सहज म्हणतो, ते अशा वह्यांच्या जिवावर. मुंबईत कॅन्सरची नोंदवही 1963 पासून आहे आणि ती देशातली लोकसंख्येवर आधारलेली पहिली नोंदवही. पण ती कॅन्सर मोजते. साध्या गाठी तिच्या रकान्यात येत नाहीत. सोलापूरच्या मुलाच्या गुडघ्यावरचा खुंट अशा नोंदीबाहेरच राहतो.

एक गट मात्र असा आहे की ज्याला ऑस्टिओकाँड्रोमा उपचारातून मिळतो. लहानपणी रक्ताचा किंवा इतर कॅन्सर झाला, अंगाला किरणं द्यावी लागली आणि मूल वाचलं. किरणांच्या वाटेत आलेल्या वाढपट्ट्यांवर पुढे काही वर्षांनी ऑस्टिओकाँड्रोमा उगवू शकतो, किरणं देताना मूल जितकं लहान तितकी शक्यता अधिक. अशा घरात नवी गाठ दिसली की जुना आजार परतला असंच वाटतं. त्या आईबापांना कुणीतरी आधीच सांगून ठेवायला हवं की ही गाठ बहुतेक वेळा साधी असते, आणि तरीही दाखवायला यायचंच.

मग साठीच्या गृहस्थाचं काय, ज्याच्यापासून सुरुवात झाली? कूर्चेचा कॅन्सर, काँड्रोसार्कोमा, मुख्यतः चाळिशीनंतरचा. श्रोणी (कमरेचं हाड), खांदा, बरगड्या, मांडीचं वरचं टोक या त्याच्या जागा. वाढपट्ट्या मिटून वीस-तीस वर्षं झालेल्या माणसाच्या अंगावर जुना खुंट पुन्हा वाढायला लागला, विनाकारण दुखायला लागला, किंवा एमआरआयमध्ये त्याची कूर्चेची टोपी दोन सेंटिमीटरहून जाड दिसली, तर डॉक्टर सावध होतात. वाढत्या मुलाची गाठ वाढली तर ती मुलाबरोबर वाढतेय. वाढ थांबलेल्या माणसाची गाठ वाढली तर ती कुणाबरोबर वाढतेय, हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर लांबवू नये.

मुलाच्या हाडावर टणक उंचवटा लागला तर त्यावर मालीश करू नका, चोळून तो जिरत नाही. गरम लेप लावून महिने घालवू नका. एकदा एक्स-रे काढून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. भावंडांचे गुडघे, खांदे, मनगटं चाचपून पाहा, आणि आईवडिलांनी स्वतःचीही पाहावीत. गाठ त्रास देत नसेल तर डॉक्टर बहुधा ती काढणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. आणि ती फिल्म, तारीख लिहून, जपून ठेवा. दहा वर्षांनी गाठ वाढली की नाही हे ठरवायचं, तर शेजारी ठेवायला जुनी फिल्म लागते.